निकालाच्या बातमीत घोड्याचं नाव पण छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

गेल्या सोमवारच्या तुमच्या पेपरात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात मुंबईच्या शो जंपिंग, म्हणजे घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, स्पर्धेची बातमी होती, सीझनची पहिली स्पर्धा. अडीच-तीन ओळी. पहिल्या तीन टीमची नावं आणि शेवटी ‘पुण्याच्या संघाला पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले’ असं एक वाक्य. त्या पाचव्या टीममधे माझी मुलगी होती म्हणून हे पत्र. बातमी छोटी आली म्हणून मी लिहित नाहीये, घोडेस्वारीला पेपरात जागा मिळाली हेच आमच्यासाठी खूप आहे. पण ते ‘समाधान मानावे लागले’ वाचून मला राहवलं नाही, कारण त्या दिवशी आम्ही सगळे ग्राउंडच्या कडेला एकमेकांना मिठ्या मारत होतो आणि माझे पंचाहत्तरीचे वडील डोळे पुसत होते, आणि हे का ते समजायला मागच्या वर्षीचं माहीत पाहिजे.

मागच्या वर्षी हीच स्पर्धा, हीच सीझनची सुरवात, याच उंचीचे अडथळे, ९० सेंटीमीटर. टीम चार जणांची असते आणि चारातल्या चांगल्या तिघांचेच फॉल्ट, म्हणजे चुकांचे गुण, मोजतात, एकाचा वाईट राऊंड सोडून देतात. म्हणजे एक जण बाद झाला तर टीम वाचते, दोन झाले की संपलं. आमचे दोन झाले. पहिल्या मुलाचे ८ फॉल्ट आले, दुसरी मुलगी तिसऱ्या अडथळ्यावरच बाद, निळ्या फळ्या बघून तिची घोडी दोनदा थांबली. तिसऱ्याचे १६. मग चौथी माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, तिने कसंबसं पूर्ण केलं असतं तरी टीमच्या नावापुढे काहीतरी आकडा लागला असता. पाचव्या अडथळ्यावर तिचा घोडा थांबला, परत फिरून आणला, परत थांबला, बेल वाजली. निकालाच्या कागदावर आमच्या टीमपुढे आकडाच नव्हता, नुसतं ‘ई’ अक्षर, एलिमिनेटेड. येताना गाडीत कोणी बोललं नाही. लोणावळ्याच्या पुढे आल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, “पप्पा, बादलची चूक नव्हती, मीच लगाम खेचला.”

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अडथळ्यावरचा पोल पडला की ४ फॉल्ट. घोडा थांबला किंवा बाजूने निघून गेला की ४. दुसऱ्यांदा तसं झालं की बाहेर, पडलात तरी बाहेर. ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा उशीर केला तर त्याचे फॉल्ट वेगळे. सगळ्यात कमी फॉल्टवाला जिंकतो, शून्य म्हणजे सगळ्यात भारी, त्याला क्लीअर राऊंड म्हणतात. दोघांचं शून्य आलं तर थोडेसेच अडथळे ठेऊन परत पळवतात आणि घड्याळावर ठरवतात, तो जंप ऑफ. झालं, एवढंच आहे. आपल्याला सवय आहे मोठा आकडा म्हणजे चांगलं, इथे उलटं. त्यामुळे ‘पाचवा नंबर’ एवढं वाचून टीमबद्दल काही कळत नाही, फॉल्ट बघितले तर सगळं कळतं.

आता माझ्या घरचं थोडं सांगतो. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, पुण्याच्या रेसकोर्सवर सईस, म्हणजे घोडे सांभाळणारे, होते. चौतीस वर्षं. पावसाळ्यात पुण्याचा रेसचा सीझन असतो, तो संपला की घोड्यांबरोबर मुंबईला महालक्ष्मीला जायचे आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडेच, त्यामुळे आमच्या लहानपणी आप्पा म्हणजे पावसाळ्यात घरी असणारा माणूस. पहाटे साडेतीनला उठून खरारा म्हणजे अंग घासणं, खूर साफ करणं, चंदी म्हणजे खाणं घालणं, मग घोडा फिरवून आणणं. त्यांच्या हातातले दोन घोडे मोठ्या रेस जिंकले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जॉकीचं नाव, ट्रेनरचं नाव, मालकाचं नाव यायचं, आणि एक मात्र खरं की रेसच्या बातमीत घोड्याचं नाव सगळ्यात आधी यायचं. आप्पा ते कात्रण जपून ठेवायचे. स्वतःचं नाव कधी आलं नाही, पण घोड्याचं नाव आलं की त्यांना पुरायचं. ती पत्र्याची पेटी अजून आमच्या घरी आहे.

त्यांची नात घोड्यावर बसेल असं आमच्या स्वप्नात नव्हतं. हा खेळ महाग आहे, खोटं कशाला बोला, बूट हेल्मेट सगळंच महाग, आणि घोडा तर रोज खातो, सुट्टी असो नसो. आमच्या मॅडमनी, म्हणजे कोचनी, आप्पांकडे बघून फी जवळजवळ सोडली आणि त्या बदल्यात मुलगी रविवारी दिवसभर तबेल्यात काम करते. ती ते कमीपणाचं समजत नाही आणि आम्ही पण नाही.

तिचा घोडा बादल. राखाडी रंगाचा, थरोब्रेड म्हणजे रेसच्या जातीचा, आधी रेसमधे पळलेला. आपल्याकडे रायडिंग क्लासमधले कितीतरी घोडे असेच रेस सोडून आलेले असतात. यातली अडचण अशी की रेसच्या घोड्याला शिकवलेलंच वेगळं असतं. रेसमधे जॉकीने लगाम धरला की घोडा त्याच्यावर भार टाकून अजून जोरात पळतो, त्याला ती पळण्याची खूण वाटते. तोच घोडा इथे आला आणि घाबरलेल्या मुलीने लगाम खेचला की तो आधी सुसाट सुटतो, मग समोर अडथळा दिसतो, अंतर जमत नाही आणि ऐन वेळी पाय रोवून थांबतो. मागच्या वर्षी पाचव्या अडथळ्यावर नेमकं हेच झालं होतं. दुसरी गोष्ट मला मॅडमनी सांगितली तेव्हा मी थक्क झालो, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूला असल्यामुळे त्याला आजूबाजूचं खूप दिसतं पण बरोबर नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. उडी मारायच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून जातो. म्हणजे तो आठवणीवर आणि वर बसलेल्या पोरावर विश्वास ठेऊन उडी मारतो. हे ऐकल्यापासून मी कोणत्याच घोड्याला ‘अडेल’ म्हणत नाही.

तर मागच्या डिसेंबरपासून मॅडमनी उडी मारणंच बंद केलं. पालकांपैकी काही नाराज झाले, दोघांनी मुलं काढून पण घेतली. जमिनीवर पोल टाकायचे आणि त्याच्यावरून नुसतं चालवायचं, मग दुडकी, मग कँटर म्हणजे हळू धाव, रोज तेच. लगाम सैल ठेऊन बसून नुसतं पाठीने आणि पायाने घोडा हळू करायचा. अडथळ्याकडे बघायचं नाही, त्याच्या पलीकडे झाडाकडे बघायचं. मुलगी घरी जेवताना सुद्धा मान वर करून भिंतीकडे बघत बसायची. मार्चपर्यंत असं चाललं आणि मग गुडघ्याएवढे छोटे अडथळे, एकामागे एक, ठराविक अंतरावर, म्हणजे घोडा आपोआप बरोबर जागेवरून उडी मारतो आणि पोराने फक्त मधे पडायचं नाही.

मग पावसाळा. पावसाळ्यात घोड्यांचं काय असतं ते शहरात लोकांना माहीत नसतं. ग्राउंड निसरडं, उडीचा प्रश्नच नाही, घोडा घसरून पायाची शीर दुखावली तर सहा महिने गेले. ओल्यात उभं राहून खूर कुजतात, त्याचा वास लगेच येतो. आमच्या तबेल्यात तीन सईस आहेत, मुलं त्यांना मामा म्हणतात, ते तिघं चार महिने रोज दोन वेळा प्रत्येक घोड्याचे चारही खूर उकरून पुसून कोरडे करत होते, आणि खाली टाकलेला भुसा ओला झाला की रात्री सुद्धा बदलत होते. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी येतो, त्याची तारीख चुकली की खूर वाढून चाल बिघडते. एवढं केल्यावर ऑक्टोबरमधे ग्राउंड वाळलं तेव्हा आमचे चारही घोडे धडधाकट होते.

आणि तरी स्पर्धेच्या सोळा दिवस आधी बादलचं स्पर्धेला जाणं हुकणारच होतं. सकाळी एक मामा त्याच्या पुढच्या उजव्या पायावरून हात फिरवत होते, रोजच फिरवतात, आणि थांबले. म्हणाले इथे गरम लागतंय. घोडा लंगडत नव्हता, सूज नव्हती, मॅडमना हात लावून पण नीट कळेना. मामा हट्टाला पेटले, आज याला काढायचा नाही. डॉक्टर संध्याकाळी आले, त्यांनी सांगितलं सुरवात आहे, आज पळवला असता तर सीझन गेला असता. आठ दिवस थंड पाण्याची धार, पट्टी आणि नुसतं हाताने धरून चालवणं. ज्या माणसाच्या हाताला ती ऊब कळली त्याच्याशिवाय आमची टीम पाचवी काय, उभीच राहिली नसती. त्यात दिवाळी आली. फटाक्यांनी घोडे वेडे होतात, घाम फुटतो, भिंतीला लाथा मारतात, खाणं सोडतात आणि मग पोटात दुखणं सुरू होतं, घोड्याचं पोट दुखणं म्हणजे जिवावरचं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिन्ही मामा घरी गेले नाहीत. आप्पा पण गेले होते तिथे, सांगून सुद्धा ऐकलं नाही, बादलच्या दाराशी खुर्ची टाकून रात्री एकपर्यंत बसले आणि त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते विचारलं तर म्हणाले, काही नाही, जुन्या घोड्यांच्या गोष्टी सांगत होतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहाटे दोनला ट्रक निघाला, ऊन आणि ट्रॅफिक दोन्ही चुकवायला. प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो, त्याच्यात घोड्याचे पांढरे ठिपके, भोवरे सगळं चित्र काढून दाखवलेलं असतं, लसी लिहिलेल्या असतात, शिवाय ग्लँडर्स या घोड्यांच्या साथीच्या रोगाची रक्ततपासणी, हे सगळं घेऊन. घाटात ड्रायव्हर अगदी सावकाश चालवतो कारण घोडा उभा असतो, वळणावर त्याला चार पायांवर तोल सांभाळायला लागतो. मामा ट्रकमधे घोड्यांबरोबर उभे, मागे नाही, पुढे ड्रायव्हरशेजारी नाही, घोड्यांच्या तोंडाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्स वॉक. स्पर्धेआधी सगळे स्वार पायी चालून अडथळ्यांमधलं अंतर मोजतात, घोड्याला आधी दाखवता येत नाही. तीन फुटाचं एक पाऊल धरायचं, अशी चार पावलं म्हणजे कँटरची एक स्ट्राईड, घोड्याची एक ढांग, उतरायला दोन पावलं आणि उडी घ्यायला दोन पावलं वगळायची. तिसऱ्या आणि चौथ्या अडथळ्यात बावीस पावलं भरली. म्हणजे वगळून अठरा, साडेचार स्ट्राईड, आणि साडेचार असं काही नसतं, चार तरी करा नाहीतर पाच. बादलची टांग लांब, तो चारात सहज गेला असता, पण मग जोरात उतरून पुढचं वळण हुकलं असतं, म्हणून मॅडम म्हणाल्या तू थांबवून पाच कर. छोट्या घोडीवाल्या मुलीला सांगितलं तू पाचच कर आणि पाय लावत रहा. चौदा वर्षांची पोरं ही गणितं उभ्या-उभ्या करत होती आणि मी बघत होतो, शाळेत हिला अपूर्णांक येत नाहीत म्हणून मी ओरडायचो.

अकरा टीम होत्या, दोन राऊंड, दहा अडथळे, त्यात सातवा डबल म्हणजे दोन उड्या लागोपाठ. पहिल्या राऊंडमधे डायमंडवर बसलेल्या मुलाचा एक पोल पडला, ४. सोनपरी ही आमची छोटी घोडी, जी मागच्या वर्षी निळ्या फळ्यांना घाबरली होती, तिचे तीन पोल पडले, १२, पण कुठेही थांबली नाही, सगळ्या उड्या मारल्या. तिसरा जेट, त्याच्यावरचा मुलगा क्लीअर गेला. आमच्या टीमचं पहिलं शून्य, आम्हाला आधी खरंच वाटेना.

मग माझी मुलगी. तिसरा ते चौथा बरोबर पाच, मी बोटं मोजत होतो. पाचवा अडथळा मागच्या वर्षीसारखाच, दोन पोलांचा रुंद ऑक्सर, त्याच्यावरून बादल असा गेला की जणू तिथे काही नव्हतंच. सहाव्यावर मागचा पाय लागला, पोल पडला, ४. आणि डबलमधे पहिली उडी जरा जास्तच आत पडली, दुसऱ्यासाठी जागा उरली नाही, बादल थांबला. अजून ४, आणि आता परत थांबला तर बाहेर. डबलमधे थांबलं की नुसता दुसरा नाही, दोन्ही परत मारायला लागतात.

संपादक साहेब, मला जे सांगायचंय ते इथे आहे. मागच्या वर्षी अशाच वेळी तिने घाबरून लगाम खेचला होता. या वर्षी तिने काय केलं, बादलच्या मानेवर हात ठेवला, एक मोठा गोल घेतला, घाई नाही, वेळ जातोय तर जाऊदे, आणि लगाम सैल सोडून परत आली, मान वर, नजर लांब, आणि दोन्ही उड्या एकामागे एक. राहिलेले तीन पण गेले. ८ फॉल्ट. आकड्यात ८ म्हणजे काही विशेष नाही, पण माझ्या शेजारी आप्पा पुटपुटत होते, “हात सोडला पोरीनं, हात सोडला.” चांगल्या तिघांचे मिळून पहिल्या राऊंडचे १२ झाले आणि आम्ही सातवे होतो.

दुसऱ्या राऊंडमधे डायमंडचे परत ४. आणि सोनपरी, हिला काय झालं कोण जाणे, कान टवकारून, दहाही अडथळे, निळ्या फळ्या धरून, शून्य. वर बसलेली मुलगी बाहेर आल्यावर घोडीच्या गळ्यात पडून एवढी रडली की तिला उतरवायला लागलं. जेटचे या वेळी ८ आले, जरा दमला होता. म्हणजे माझी मुलगी कितीही फॉल्ट आणो, टीमला आकडा लागणार हे नक्की होतं, फक्त ती ८ पेक्षा कमी आणते का एवढाच प्रश्न. नऊ अडथळे क्लीअर. डबल सुद्धा. दहाव्याला पोलला अगदी हलका स्पर्श झाला, पोल त्याच्या टेकणाच्या कपमधे दोनदा हलला आणि मग पडला. सगळे हळहळले. तो पडला नसता तर आम्ही चौथ्या टीमच्या बरोबरीला आलो असतो. आप्पा म्हणाले, “पोल काय बघता, त्याचे कान बघा.” बादलचे कान पुढे होते, तो अजून पळायला तयार होता. शून्य, चार आणि चार, ८. दोन्ही मिळून २०. पाचवा नंबर.

मागच्या वर्षी नुसतं अक्षर, या वर्षी २०. हे आपल्या बातमीत येऊ शकलं असतं, फक्त तीन-चार शब्द जास्त लागले असते.

माझी विनंती अशी आहे की या सीझनमधे पुढे ज्या स्पर्धा होतील, हिवाळ्यात ज्युनिअर नॅशनल पण असते, त्यांच्या निकालात स्वाराच्या नावापुढे घोड्याचं नाव आणि फॉल्टचा आकडा छापा. आयोजकांच्या कागदावर दोन्ही तयार असतं, वेगळं शोधायला लागत नाही. ऑलिंपिकच्या निकालात सुद्धा घोड्याचं नाव असतं कारण तिथे निकाल जोडीचा असतो, एकट्या माणसाचा नाही.

सप्टेंबर २०२३ मधे हांगझोऊच्या एशियन गेम्समधे आपल्याला ड्रेसाजमधे, म्हणजे घोड्याच्या ठराविक चाली करून दाखवायच्या प्रकारात, टीम गोल्ड मिळालं. १९८२ च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं पहिलं सोनं, ४१ वर्षांनी. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला, चौघांची नावं सगळ्या पेपरांनी छापली, छापायलाच पाहिजेत, हृदय तर आपल्या मुंबईचा. पण एट्रो, एमराल्ड, अॅड्रेनलिन आणि चिन्स्की ही नावं किती वाचकांना माहीत आहेत? ते चार घोडे होते. अनुषला एकट्याचं ब्राँझ पण मिळालं, त्याच एट्रोवर. फौआद मिर्झा २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समधे सिल्व्हर जिंकला आणि नंतर टोकियोच्या ऑलिंपिकला गेला, तिथे २३ वा आला, दोन्ही वेळेला घोडा एकच, सेन्यूर मेडिकॉट. मला ही नावं माझ्या मुलीमुळे कळली, तिच्या वहीत मागच्या पानावर स्वार आणि घोडा अशा जोड्या लिहिलेल्या असतात. त्यात सगळ्यात वर स्ट्रोलर आहे. तो घोडा पण नाही, पोनी, आमच्या सोनपरीएवढाच, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधे मोठमोठ्या घोड्यांमधे मॅरियन कोक्स त्याच्यावर बसून शो जंपिंगचं सिल्व्हर जिंकली. दुसऱ्या राऊंडच्या आधी सोनपरीवाल्या मुलीला माझी मुलगी हेच सांगत होती असं नंतर कळलं.

आणि हा एक असा खेळ आहे की ऑलिंपिकमधे पण मुली आणि मुलं एकाच स्पर्धेत, एकाच कोर्सवर, वेगळा गट नाही. १९५६ पासून शो जंपिंगमधे बायका उतरतात. त्या वर्षीची गंमत अशी की ऑलिंपिक मेलबर्नला आणि घोडेस्वारी तेवढी स्वीडनमधे स्टॉकहोमला, कारण ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाईनमुळे बाहेरचे घोडे तिथे नेता येत नव्हते. घोड्यासाठी ऑलिंपिक दुसऱ्या देशात न्यावं लागलं, आणि आपण त्याचं नाव पण छापत नाही.

आपल्या मराठी माणसाला घोड्याचं प्रेम नाही असं तर अजिबात नाही. भीमथडीच्या तट्टांचा आपल्याला अभिमान, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडे बघायला लांबून-लांबून लोक येतात, चेतकचं नाव पाचवीतल्या पोराला पाठ असतं. म्हणून मला वाटतं की वाचकांना हे वाचायला आवडेल. बादल, राखाडी, वय नऊ, आधी रेसमधे पळायचा, आता ९० सेंटीमीटरवर उड्या मारतो, एवढं एक वाक्य जरी आलं तरी कोणाचं तरी पोर विचारेल की हा घोडा कुठे बघायला मिळेल.

सईसांचं नाव छापा असं म्हणायची माझी हिंमत आधी होत नव्हती कारण लोक म्हणतील याचा बाप सईस म्हणून म्हणतोय. हो, म्हणूनच म्हणतोय. क्रिकेटमधे पिच बनवणाऱ्या माणसाचं नाव आता बातमीत येतं, कुस्तीत वस्तादाचं येतं, तर ज्याच्या हाताला घोड्याच्या पायातली ऊब कळते त्याचं नाव वर्षातून एकदा, सीझनच्या शेवटी, एखाद्या बातमीत यायला हरकत नाही. आमच्या तिन्ही मामांना मी विचारलं, पेपरात नाव दिलं तर चालेल का. दोघं लाजले. तिसरे, ज्यांनी बादलचा पाय धरला होता, ते म्हणाले माझं राहूदे, घोड्याचं आलं तरी मुलाला दाखवीन. अगदी आप्पांसारखंच.

सोबत निकालाच्या कागदाचा फोटो पाठवतोय, त्यात चारही घोड्यांची नावं आणि दोन्ही राऊंडचे फॉल्ट दिसतात. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी आहे आणि त्याचा कागद मी त्याच रात्री पाठवीन. आप्पांनी पेटी खाली काढून ठेवलीय, कात्री पण.

आपला एक वाचक,
हडपसर, पुणे